अर्धवट राहिलेला प्रयोग

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. वय वर्षं अकरा, म्हणजे एचपीव्हीच्या लशीचं वय. डॉक्टरांनी आधी तिला, मग आम्हाला नीट समजावून सांगितलं आणि कागदावर लिहितालिहिता म्हणाले, "पूर्वी तीन डोस द्यायचो. मग दोन झाले. आता डब्ल्यूएचओ म्हणते एकही चालेल."

मी सवयीने विचारलं, "तीनाचा एक कसा झाला? लस बदलली का?"

"नाही हो, लस तीच."

बाहेर वीसेक पेशंट ताटकळत बसले होते, त्यामुळे पुढचं काही विचारायची सोय नव्हती. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आमच्या धंद्यात एखाद्या सेटिंगमधला आकडा ३ वरून १ केला आणि तरी सगळं पूर्वीसारखंच सुरळीत चाललं, तर पहिला प्रश्न हाच पडतो की मुळात ३ कुणी लिहिलं होतं आणि का? आणि दुसरा प्रश्न: १ करून बघायची हिंमत कुणी केली?

दोन-तीन शनिवार-रविवार यावर वाचत बसलो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र असं आहे की भारतात तरी कुणी मुद्दाम हिंमत केलीच नव्हती. २०१० सालच्या एप्रिलमध्ये एक प्रयोग मध्येच थांबवावा लागला, आणि त्या अर्धवट राहिलेल्या प्रयोगातून हे उत्तर आलं. त्यात सामील झालेल्या मुलींपैकी काही आपल्या बार्शी-पुण्याकडच्या होत्या. ही त्याची गोष्ट.

पण आधी रोगाबद्दल थोडं.

माझ्या वडिलांची एक चुलत आत्या मी लहान असताना गेली. घरात एवढंच कळलं होतं की तिला "पिशवीचा" काहीतरी आजार होता. पुढे कधीतरी आईकडून कळलं की अंगावरून जात होतं, वर्षभर कुणाला बोलली नाही, बोलली तेव्हा उशीर झाला होता. आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर हा शब्द मी त्या संदर्भात पहिल्यांदा ऐकला तो कॉलेजात गेल्यावर. आजही जगात दरवर्षी सुमारे साडेतीन लाख बायका या एका रोगाने जातात (हा आकडा २०२२ चा), आणि त्यातल्या जवळजवळ ऐंशी हजार भारतातल्या असतात. बहुतेक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. म्हणजे रोग जगभर असला तरी मरण मात्र ठराविक पत्त्यांवरच जातं.

या रोगाचा शोध लागण्याची कथाही जुनी आहे. १८४२ साली इटलीतल्या व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाचा डॉक्टर शहरातल्या १७६० ते १८३९ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी घेऊन बसला. त्याला दिसलं की गर्भाशयाच्या कॅन्सरने लग्न झालेल्या बायका जातात, पण मठातल्या जोगिणी क्वचितच. नुसत्या रजिस्टरवरून काढलेला निष्कर्ष! म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारं काहीतरी यामागे असावं. पण ते "काहीतरी" म्हणजे काय हे कळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं लागली. १९७० च्या दशकात बहुतेकांचा संशय हर्पीस विषाणूवर होता. जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउसेन मात्र म्हणत होते की हा चामखीळ आणणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंच्या कुटुंबातला कुणीतरी आहे. त्यांच्या गटाने १९८३ साली एचपीव्ही-१६ आणि १९८४ साली एचपीव्ही-१८ हे प्रकार कॅन्सरच्या पेशींतून वेगळे काढून दाखवले. या दोघांच्या नावावर गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के केसेस जमा होतात. २००८ सालचं वैद्यकातलं अर्धं नोबेल त्सुर हाउसेन यांना मिळालं.

या विषाणूची एक खोड लक्षात ठेवा, पुढे लागेल. तो बहुतेकींना आयुष्यात कधी ना कधी भेटतो आणि साधारण दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये मात्र तो मुक्काम ठोकतो. असा ठाण मांडून बसलेला संसर्गच पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे लस चालते की नाही हे बघायला कॅन्सर होईपर्यंत थांबायची गरज नाही. विषाणू मुक्काम करतो की नाही एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

लशीची युक्ती १९९१ मध्ये सापडली. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला इयान फ्रेझर आणि जियान झोऊ या दोघांनी विषाणूच्या कवचाचं प्रथिन बनवलं, तर त्याचे तुकडे आपसूक एकमेकांना जोडले जाऊन हुबेहूब विषाणूसारखा दिसणारा चेंडू तयार झाला. आत जनुकं नाहीत, नुसतं टरफल. अमेरिकेतल्या दोन-तीन गटांनीही याच सुमारास यावर काम केलं. झोऊ १९९९ मध्ये गेले, लस बाजारात आलेली त्यांना बघायला मिळाली नाही. जून २००६ मध्ये अमेरिकेत गार्डासिलला परवानगी मिळाली. एका डोसची किंमत १२० डॉलर, आणि डोस तीन: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी.

तीन का? तर हिपॅटायटिस बीची लस तशी देतात म्हणून. तीही प्रथिनाची लस, हीही प्रथिनाची लस. तीन डोसांवर चाचण्या झाल्या, तीनवर परवानगी मिळाली, आणि तीन हा आकडा दगडावर कोरला गेला. कमी डोस देऊन बघण्यात कंपनीला काय फायदा? थोडक्यात काय, आधीच्या प्रोजेक्टमधून कॉपी-पेस्ट केलेली व्हॅल्यू होती ती. त्यात चूक काही नव्हतं. फक्त ती कुणी तपासली नव्हती.

आता बार्शीकडे येऊ.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण पलीकडचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा तिथल्या कॅन्सर हॉस्पिटलच्या हाताशी. १९८७ साली भारतातलं पहिलं ग्रामीण कॅन्सर रजिस्टर इथे सुरू झालं. गावोगाव फिरून कुणाला कॅन्सर झाला, कोण गेलं, याच्या नोंदी ठेवणं हे यांचं काम. वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण व्हेरोनाचं रजिस्टर आठवा. नोंद नसेल तर प्रश्नच विचारता येत नाही.

या नोंदींच्या जोरावर टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आयएआरसी (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास केला. ५२ गटांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चार भाग केले: एकात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं, आणि चौथ्या भागाला नेहमीच्या सरकारी सोयी. निकाल एप्रिल २००९ मध्ये छापून आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले: तपासणीच्या भागात ३४, चौथ्या भागात ६४. बाकी दोन पद्धतींनी म्हणावा तसा फरक पडला नाही. जगभरच्या तपासणीच्या धोरणांमध्ये हा अभ्यास आजही सांगितला जातो.

आणि त्या ६४ बायकांचं काय? चौथ्या भागातल्या सुमारे ३१ हजार बायकांची तपासणी केलीच नव्हती, कारण तुलना करायला कुणीतरी लागतं. यावर नंतर बरीच टीका झाली. करणाऱ्यांचं म्हणणं, तपासणीने जीव वाचतात हे आधीच माहीत होतं, मग यांना का वगळलं? उलट बाजूचं म्हणणं, त्या भागात नेहमीची सोय म्हणजे काहीच नव्हतं, आम्ही ते काढून घेतलेलं नाही. दोन्ही बाजू वाचून मला अजून पूर्ण ठरवता आलेलं नाही. पण ६४ या आकड्यावरून नजर पटकन पुढे सरकवू नये एवढं मात्र वाटतं. त्या माझ्या आजोळच्या शेजारच्या तालुक्यातल्या बायका होत्या.

तर याच लोकांनी २००९ च्या सप्टेंबरात लशीचा अभ्यास सुरू केला. प्रश्न साधा होता: तीनाऐवजी दोन डोस पुरतील का? दोन पुरले तर गरीब देशांचा खर्च एक तृतीयांशाने वाचतो. देशभरात नऊ ठिकाणं, त्यात आपली बार्शी आणि पुणंही. १० ते १८ वयाच्या, लग्न न झालेल्या वीस हजार मुली घ्यायच्या. निम्म्यांना तीन डोस (पहिला, साठाव्या दिवशी, १८० व्या दिवशी), निम्म्यांना दोन (पहिला आणि १८० व्या दिवशी). मग वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहायचं. एक डोस हा प्रश्न आराखड्यातच नव्हता.

त्याच वर्षी दुसरीकडे, आंध्रातल्या खम्मम (आता तेलंगणात) आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत पाथ ही अमेरिकन संस्था आयसीएमआरच्या सोबतीने एक वेगळा प्रकल्प राबवत होती. हा डोसांचा अभ्यास नव्हता. लस शाळाशाळांतून कशी देता येईल याचं प्रात्यक्षिक होतं. वीस हजारांवर मुलींना लस दिली गेली. त्यातल्या सात मुलींचे मृत्यू झाल्याचं बाहेर आलं आणि एकच गदारोळ उठला. चौकशीत मृत्यूंची कारणं निघाली ती सर्पदंश, बुडणं, विषबाधा, ताप अशी. लशीशी त्यांचा संबंध नसावा असा निष्कर्ष निघाला.

पण चौकशीत दुसरंही निघालं, आणि ते खरं होतं. खम्मममध्ये कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. त्यांच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. कित्येक ठिकाणी कागद अपुरे होते. लशीनंतर काही त्रास झाला तर नोंदवायची व्यवस्था धड नव्हती. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने यावर अतिशय कडक शब्दांत अहवाल दिला. लशीने कुणी मेलं नाही हे जितकं खरं, तितकंच त्या मुलींच्या घरच्यांना धड विचारलं गेलं नाही हेही खरं. आपल्याकडे वाद असा होतो की लोक यातलं एकच वाक्य उचलतात आणि दुसऱ्यावर बसून राहतात.

एप्रिल २०१० मध्ये सरकारने हुकूम काढला: देशातल्या सगळ्या एचपीव्ही अभ्यासांत लस देणं बंद. बार्शी-पुण्याचा अभ्यास वेगळा होता, त्याचा खम्ममशी संबंध नव्हता (पैसा मात्र दोन्हीकडे गेट्स फाउंडेशनचा होता). पण हुकूम सगळ्यांना लागू. ८ एप्रिलला सुया खाली ठेवल्या गेल्या.

तोपर्यंत १७,७२९ मुलींना लस सुरू झाली होती. आता त्यांची अवस्था बघा. वेळेत सगळं झालेल्या तीन डोसवाल्या ४,३४८. ठरल्याप्रमाणे दोन डोस मिळालेल्या ४,९७९. तीन मिळायचे होते पण पहिला आणि साठाव्या दिवसाचा असे दोनच मिळाले अशा ३,४५२. आणि एकच डोस मिळालेल्या ४,९५०.

आमच्याकडे असं झालं असतं तर? प्रोसेस मध्येच मारली गेली, टेबलात अर्धवट रेकॉर्ड पडलेत. निम्मे लोक म्हणाले असते की डेटा खराब झाला, डिलीट करा, फंड आला की पुन्हा सुरुवातीपासून चालवू. मीही म्हणालो असतो बहुधा.

या लोकांनी तसं केलं नाही. त्यांच्या लक्षात आलं असावं की इथे एक विलक्षण गोष्ट आहे. एकीला एक डोस आणि दुसरीला तीन, हे कुणी ठरवलं? मुलीने नाही, आईबापांनी नाही, डॉक्टरांनीही नाही. कॅलेंडरने ठरवलं. जिचं नाव नोव्हेंबरात नोंदलं तिला दुसरा डोस मिळाला, जिचं मार्चमध्ये नोंदलं तिला नाही. एरवी अशा तुलनेत घोळ असतो, कारण डोस चुकवणाऱ्या मुलींची घरं, तब्येती, सवयी मुळातच वेगळ्या असू शकतात. इथे तो घोळ बराचसा टळला होता. चिठ्ठ्या टाकून वाटणी करण्याइतकं हे चोख नाही, पण त्याच्या बरंच जवळचं आहे.

डोस देणं बंद झालं होतं, मुलींच्या मागे राहणं बंद झालं नव्हतं. आणि खरं काम इथून पुढचं आहे. विषाणू बघायचा तर नमुना घ्यायला हवा, आणि आपल्या समाजात तो लग्नाआधी घेता येत नाही. म्हणून नियम असा: लग्नानंतर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. आता विचार करा. मुलगी पंधराची असताना लस घेतली. विसाव्या वर्षी लग्न झालं. आडनाव बदललं, गाव बदललं, काही घरांत नावही बदललं. आरोग्यसेविकेने माहेरी जाऊन सासरचा पत्ता घ्यायचा, सासरी जाऊन सासूला पटवायचं, आणि त्या मुलीकडून नमुना घ्यायचा. पुढच्या वर्षी पुन्हा. असं दहा वर्षं, देशाच्या नऊ कोपऱ्यांत. शोधनिबंधात हे सगळं "पाठपुरावा" या एका शब्दात उरकतं.

२०२१ साली निकाल छापून आले. पाठपुरावा मध्यमानाने नऊ वर्षांचा. १६ आणि १८ या प्रकारांचा ठाण मांडून बसणारा संसर्ग रोखण्यात तीन डोसांचा प्रभाव ९३.३ टक्के, दोन डोसांचा ९३.१ टक्के, आणि एका डोसाचा ९५.४ टक्के. (एकाचा आकडा मोठा दिसतो म्हणून एक जास्त चांगला असं नाही, अशा आकड्यांना मागेपुढे बरीच चूकभूल असते. तिन्ही सारखेच समजायचे.)

भारत एकटाच नव्हता. कोस्टा रिकातल्या चाचणीतही काही बायकांचे डोस गरोदरपणासारख्या कारणांनी राहून गेले होते, आणि २०११ मध्ये तिथूनही असाच इशारा आला होता. शेवटी केनियात एक डोस हाच प्रश्न घेऊन मुद्दाम आखलेली, चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली चाचणी झाली: १५ ते २० वयाच्या २,२७५ जणी, आणि दीड वर्षानंतर प्रभाव ९७.५ टक्के. एप्रिल २०२२ मध्ये डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी सांगितलं की ९ ते २० वयाच्या मुलींना एक किंवा दोन डोस द्यावेत, आणि त्याच डिसेंबरात ते अधिकृत धोरण झालं. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला भारतात परवानगीही मिळाली.

एकाने का भागतं? त्या टरफलाच्या चेंडूवर एकाच प्रथिनाच्या ३६० प्रती अगदी दाटीने, ठराविक अंतरावर बसवलेल्या असतात. आपली प्रतिकारशक्ती अशा रचनेला खरा विषाणूच समजते आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या पेशी कामाला लावते. एका डोसात अँटिबॉडी कमी बनतात, पण ज्या पातळीवर स्थिरावतात तिथून वर्षानुवर्षं फारशा घसरत नाहीत. हिपॅटायटिसवरून उचललेला ३ हा आकडा इथे गरजेपेक्षा मोठा होता.

म्हणजे सगळं भल्यासाठीच झालं का? हा मोह होतो खरा. प्रयोग बंद पडला म्हणून जगाला उत्तर मिळालं, छान गोष्ट, टाळ्या. मला तसं वाटत नाही. त्या हुकुमानंतर आपल्याकडे या लशीचं नाव काढायलाही बरीच वर्षं कुणी तयार नव्हतं. जपानमध्ये असंच झालं: एप्रिल २०१३ मध्ये लस नेहमीच्या यादीत आली, जूनमध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांमुळे शिफारस मागे घेतली, आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेलं. शिफारस परत यायला २०२२ उजाडलं. उलट इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये दिसलं. मधल्या वर्षांची किंमत कुणी ना कुणी मोजणार आहे, फक्त बिल पंधरा-वीस वर्षांनी येईल.

आणि हे सगळं सुरू झालं ते खम्ममच्या वसतिगृहात आईबापांना न विचारता केलेल्या सह्यांपासून. तिथे नीट विचारलं असतं, तर कदाचित हुकूम निघाला नसता. कागदपत्रांतला आळस केवढा महाग पडू शकतो! आणि उलट बाजूने, बार्शीसारख्या ठिकाणी कागद चोख ठेवणाऱ्यांनी त्याच पडझडीतून जगाला उपयोगी पडेल असं काहीतरी वाचवलं. माझ्या मते या गोष्टीतला नशिबाचा भाग फक्त ८ एप्रिल ही तारीख. बाकी सगळी दहा वर्षांची मेहनत.

असो. घरी आल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, मग मला एक का दोन?" मी म्हटलं, ते डॉक्टर आणि आई मिळून ठरवतील. मग तिला त्या ४,९५० मुलींची गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "त्यांना माहितीये का, की त्यांच्यामुळे कळलं?"

याचं उत्तर कुठल्या शोधनिबंधात सापडलं नाही. त्या मुली आता पंचविशी-तिशीच्या पुढच्या बायका असतील, त्यांच्याच मुली काही वर्षांत लशीच्या वयाच्या होतील. त्यातली एखादी बार्शीच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी बसलेली असू शकते. ओळखणार कसं?